चिऱ्याच्या गाडीला महागडे टायर घालावेत का? दोन गाड्या, दोन लाइन, सल्ला हवा

लांज्याचा_गाडीवाला

नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यातला आहे, दोन सहा टायरी गाड्या आहेत. एक चिरेखाणीवर लावलीय, चिरे भरून आंबा घाटाने कोल्हापूर. दुसरी वाशीला जाते, सीझनला आंबा, एरवी मिळेल तो माल. दोन्हींचे टायर आता गोटा, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत, व्हायच्या बेतात आहेत आणि पाऊस तोंडावर आलाय.

हातखंब्याच्या दुकानदाराने १०.०० आर २० मापाचे दोन भाव दिले, नेहमीचा रेडियल, म्हणजे तारेचा टायर, २४ हजार आणि त्याच्या वरचा भारीवाला ३१ हजार. म्हणजे नगामागे सात, एका गाडीला ४२ हजार आणि दोन्ही गाड्या धरल्या तर ८४ हजार फक्त जास्तीचे. तो म्हणतो दीडपट चालतो, डिझेल वाचतं, डोळे मिटून घ्या. डोळे मिटून घ्यायचे तर हप्ते कोण भरणार. आमचे बाबा म्हणतात चिऱ्याच्या गाडीला जुना नायलॉन धाग्याचा टायरच घाल, रेडियल कशाला.

गेल्या वर्षी खाणीवर तीन महिने वापरलेल्या टायरला बाजूने बोटभर चीर गेली, आतली तार दिसायला लागली. कंपनीकडे क्लेमला पाठवला तर कट आहे, आमचा दोष नाही म्हणून परत. तेव्हापासून महाग टायर म्हटलं की पोटात गोळा येतो. कुणी दोन्ही वापरलेत का?

पाली_नाक्यावरचा

भाऊ, तुझे दोन प्रश्न आहेत आणि तू एकच विचारतोयस.

टायर झिजून मरतो नाहीतर फाटून मरतो. खाणीवरचा टायर झिजून मेलेला मी तरी बघितला नाही. वर चढताना रस्ता कसला, नुसती जांभ्याची खडी, मोडक्या चिऱ्याच्या कोरी वर आलेल्या, त्यात मागच्या जोडीच्या मधे दगड अडकला की दोन्ही टायर आतून घासत जातात आणि ड्रायव्हरला पत्ता नाही. माझा क्लीनर खाणीतून बाहेर पडलं की पहिलं काम पहार घेऊन जोडीतला दगड पाडायचं करतो, न पाडता डांबरावर आलास तर पुढचं मी सांगायला नको. रेडियलची बाजू पातळ असते, तिथे तारेचा एकच थर, नायलॉनच्या बाजूला थरावर थर. बाबांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पण नायलॉन लांबच्या पल्ल्याला तापतो, आणि तुझी चिऱ्याची गाडी नुसती खाणीत थोडीच फिरते, घाट चढून कोल्हापूरला जाते.

मी काय केलं सांगतो. पुढे चांगला रेडियल, रिब म्हणजे सरळ पट्ट्यांच्या नक्षीचा, मागे चारही साधे रेडियल जाड लगवाले, म्हणजे ठोकळ्यांच्या नक्षीचे. मागे ३१ हजारवाला घातलास तर तोच दगड त्यालाही तेवढाच कापणार. आणि एका अ‍ॅक्सलवर नायलॉन रेडियल मिक्स करू नकोस, दुकानदार उरलेला माल खपवायला सांगतील तसं.

घाटाचं अजून एक. आंबा घाट कोल्हापूरहून साखरप्याकडे उतरताना गाडी न्यूट्रल काढतात आपले लोक, सगळा भार ब्रेकवर, ड्रम लाल होतो आणि ती उष्णता रिममधून टायरच्या काठाला लागते. काठ जळाला की टायर कितीही भारी असो, रिमोल्डवाला, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवीन रबर चढवणारा, हात लावत नाही. गिअरमध्ये उतरवायला लाव ड्रायव्हरला. सात हजार तिथेच वाचतील.

चिपळूणची_डायरी

वरच्या दादांशी सहमत, फक्त वाशीच्या गाडीचं वेगळं आहे म्हणून लिहितोय. मी टायरचा नंबर आणि किलोमीटर वहीत लिहितो, घरात हसतात मला. माझी गाडी पण चिपळूण वाशी, मागच्या टायरचे आकडे देतो, भाव तुझे आजचे धरले.

साधा ६५ हजार किमी चालला, म्हणजे किलोमीटरला ३७ पैसे. भारीवाला ८० हजार, म्हणजे ३९ पैसे. दीडपट वगैरे काही नाही, उलट दोन पैसे महाग पडला. इथेच थांबलो असतो तर मी पण साधाच घे म्हणालो असतो. पण खरी गंमत रिमोल्डला. साधा एकदाच चढवता आला, सात हजार आणि ४० हजार किमी, एकूण ३० पैसे. भारीवाल्याचं केसिंग, म्हणजे आतला सांगाडा, रिमोल्डला दोनदा घेतलं, सात सात चौदा हजार आणि ८५ हजार किमी वर, एकूण २७ पैसे. म्हणजे तू वरचे सात हजार रबराला देत नाहीयेस, आतल्या सांगाड्याला देतोयस. रिमोल्ड करणारच नसशील तर घेऊ नको. आणि पूर्ण गोटा करून आणलास तर तारच उघडी पडलेली असते, मग कसला रिमोल्ड, थोडी नक्षी शिल्लक असतानाच काढायचा. रिमोल्ड फक्त मागे, पुढे कधीच नाही, पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

आता हाच हिशोब तुझ्या चिऱ्याच्या गाडीला लाव. ३० हजार किमीला कट लागून टायर गेला तर साधा ८० पैशाला, भारीवाला एक रुपया तीन पैशाला. संपलं.

डिझेलचं दुकानदार पूर्ण खोटं बोलत नाही. ट्रकच्या डिझेलचा साधारण तिसरा हिस्सा टायर फिरवण्यातच जातो, म्हणून टायर दहा टक्के हलका फिरला तर डिझेल तीनेक टक्के वाचतं. तू महिन्याला ६ हजार किमी मारत असशील आणि पाचचा अ‍ॅव्हरेज असेल तर ३६ लिटर झाले. पण हे सपाट रस्त्याचं गणित, सहाही टायर तसे असले तर. घाटात डिझेल जातं ते वजन वर न्यायला, तिथे टायर काय करणार. कशेडीच्या बोगद्याने चढ वाचतो तेवढं बरं.

जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून नवीन टायरवर २८ चा १८ झालाय, दिलेला भाव नवीन दराचा आहे ना ते बिलावर बघून घे. आमच्याकडे एकाने जुन्याच भावाने विकले.

कुडाळचो_झिल

खंयचोय टायर घे रे, हवा बघलंस नाय तर दोनय सारकेच. रॉड मारून आवाज ऐकतत आणि म्हणतत भरलेलो हा. गेज घे पयलो.

पाली_नाक्यावरचा

झिल बरोबर बोलला. भरल्या गाडीला ११० पीएसआयच्या वर हवा लागते, थंड टायरला मोजायची, घाट उतरून आल्यावर नाही. गरम टायरची हवा जास्त दाखवली म्हणून सोडून देणारे महाभाग आहेत. आणि अलाइनमेंट बघ, पुढचे टायर एका बाजूने खाल्ले असतील तर नवीन टायर पण तसेच खाईल.

लांज्याचा_गाडीवाला

सगळ्यांचे आभार. ठरलं असं की वाशीच्या गाडीला सहा भारीवाले आणि रिमोल्डची वही आजपासून चालू. चिऱ्याच्या गाडीला पुढे दोन भारी, मागे चार साधे लगवाले. म्हणजे ८४ च्या जागी ५६ हजार जास्तीचे. बाबा अजून नायलॉनवरच आहेत, पण पहार गाडीत टाकली म्हटल्यावर जरा गप्प बसले.

झिलभाऊ, काल रात्रीच गेज आणलं, सकाळी गाडी हलायच्या आधी मोजलं. बाहेरचे टायर १०५, १०८. डाव्या जोडीचा आतला ७०. सत्तर! ड्रायव्हर म्हणतो आतल्या वॉल्व्हला हात पोचत नाही म्हणून तो कधी भरलाच नाही, रॉडने ठोकून बघायचो. तीन महिन्यांत फाटला तो पण डावीकडचाच होता, आतला का बाहेरचा ते आता आठवत नाही.

आतल्या वॉल्व्हला लावायची ती लांब नळी हातखंबा किंवा पालीला कुठे मिळेल का, का रत्नागिरीतच जावं लागेल?