‘कृत्रिम’ म्हणजे नकली का? एआयच्या मराठी शब्दांवर चर्चा

प्रश्न, धाराशिव :
गावातल्या वाचनालयासाठी चार पानी माहितीपत्रक करायचं आहे. एआय म्हणजे काय आणि रोजच्या कामात ते कुठं वापरता येतं, एवढाच विषय. पहिल्याच ओळीला गाडं अडलंय. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ लिहिलं की लोक म्हणतात, कृत्रिम म्हणजे नकली, मग नकली अक्कल घेऊन काय करायचं? काही ठिकाणी ‘कृत्रिम प्रज्ञा’ असंही छापलेलं दिसतं. कोणता शब्द घ्यावा? शिवाय ‘ट्रेनिंग’, ‘कॉन्फिडन्स’, ‘हॅल्युसिनेशन’ यांना लोकांना कळेल असं मराठीत काय म्हणावं?

अंबाजोगाई :
‘कृत्रिम’चा मूळ अर्थ ‘केलेलं, घडवलेलं’. ‘कृ’ धातूला ‘क्त्रि’ हा प्रत्यय आणि पुढं ‘म’. ही घडण पाणिनीच्या सूत्रांत आहे. धर्मशास्त्रातला ‘कृत्रिम पुत्र’ खोटा नसतो, मुलगा म्हणून स्वीकारलेला असतो. मराठीत या शब्दाच्या छटा पुढं येणाऱ्या नामावर ठरतात. कृत्रिम पाय लावलेला माणूस खरोखर चालतो. कृत्रिम पावसासाठी २०१५ आणि २०१९ साली संभाजीनगरहून विमानं उडाली. ढगातून जे पडतं ते पाणीच असतं. पण ‘कृत्रिम टंचाई’ म्हटलं की साठेबाज आठवतो आणि ‘कृत्रिम हसू’ म्हटलं की ढोंग. लोकांच्या कानात ही शेवटची दोन जास्त बसलीत, म्हणून त्यांना नकली ऐकू येतं. एआय पायाच्या ओळीत बसतं, हसूच्या नाही.

‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ (एआय) हे इंग्रजी नावही असंच घडवलेल्या गोष्टीचं आहे. जॉन मॅकार्थी, मिन्स्की, रॉचेस्टर आणि शॅनन यांनी १९५५ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या कार्यशाळेचा प्रस्ताव लिहिला, त्यात ते आलं. कार्यशाळा १९५६ च्या उन्हाळ्यात झाली.

‘प्रज्ञा’ मी घेणार नाही. ‘स्थितप्रज्ञ’मधली प्रज्ञा विवेकाची आणि ‘प्रज्ञा शोध परीक्षे’तली जन्मजात हुशारीची. यंत्राला दोन्ही मापं मोठी पडतात. आणि छापताना तेवढं बघा : ‘बुद्धिमत्ता’, धि ऱ्हस्व. ‘बुद्धीमत्ता’ असं अर्ध्या फलकांवर असतं.

नांदेड :
उर्दूत एआयला ‘मसनूई जहानत’ म्हणतात. ‘मसनूई’ आणि ‘सनअत’ म्हणजे कारागिरी, उद्योग, हे एकाच धातूचे शब्द. तिथंही अर्थ ‘घडवलेली’ असाच. ‘नकली’ म्हणून कोणी नाक मुरडत असेल तर त्याला आपल्याकडची ‘नक्कल’ आठवून द्या. खासरा पाहणी पत्रकाची, म्हणजे शेताच्या नोंदीच्या कागदाची, तहसीलातून काढलेली नक्कल खोटी असते का? निजामाच्या कारभारातून आलेला हा शब्द आपल्याकडं अजून प्रमाणित प्रतीसाठी चालतो.

उदगीर, पशुवैद्यक :
नुसतं ‘एआय’ लिहू नका, एवढं सांगतो. देवणी आणि लाल कंधारी गायी पाळणाऱ्या गावांत ‘एआय केलं का?’ म्हणजे गाय भरवली का, कृत्रिम रेतन केलं का. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा त्या एआयचा नियम. ‘एआय आता मोबाईलवर’ असा मथळा दिलात तर दवाखान्यात फोन येतील. पहिल्यांदा पूर्ण नाव, मग कंसात एआय.

जालना :
नावावर फार वेळ घालवू नये असं वाटतं. लोक ‘एआय’च म्हणतील, जसं संगणक शब्द असूनही कॉम्प्युटर म्हणतात. रोजच्या वापरात तर ते नाव न सांगताच बसलेलं आहे : कीबोर्डवर पुढचा शब्द सुचतो, नकाशा जालना ते संभाजीनगर किती वेळ लागेल ते सांगतो, चेहऱ्यानं फोन उघडतो, फालतू मेल वेगळे पडतात. पीएम किसानच्या हप्त्याबद्दल विचारायला ‘किसान ई-मित्र’ हा एआय चॅटबॉट सप्टेंबर २०२३ पासून आहे. पत्रकात हे आधी घ्या, व्याख्या नंतर.

परभणी :
नामापेक्षा क्रियापदं जास्त घोळ करतात. ‘ॲप रोग ओळखतं’, ‘ॲपला ९२ टक्के खात्री आहे’. यातलं ‘ओळखतं’ आणि ‘खात्री’ दोन्ही चुकीचे आहेत. का ते सोयाबीनच्या पिवळ्या पानावर बघू.

पानाच्या फोटोवरून रोग सांगणारं मॉडेल, म्हणजे ॲपच्या आतला आकडेमोड करणारा प्रोग्राम, तयार करताना त्याला आधी हजारो फोटो नावासकट दिले जातात : हा पिवळा मोझॅक, हा तांबेरा, हे निरोगी पान. चुकलं की आतले आकडे थोडे सरकवायचे, पुन्हा द्यायचे. ‘ट्रेनिंग’ म्हणतात ते हे. मी ‘सराव’ म्हणतो, ‘प्रशिक्षण’ नाही, कारण इथं कोणी काही समजावून सांगत नाही. काही फोटो सरावातून बाजूला काढून चाचणीला ठेवावे लागतात. ते सरावात मिसळले तर निकाल उत्तम येतो आणि शेतात ॲप आपटतं; फुटलेल्या पेपरवर परीक्षा घेतल्यासारखं. सरावातले फोटो जसेच्या तसे धरून बसणं आणि नव्या पानावर चुकणं, याला ‘ओव्हरफिटिंग’ म्हणतात. आपल्याकडं त्याला ‘पाठांतर’ हा तयार शब्द आहे.

आता ती ९२ टक्के. मॉडेलला दहा नावं शिकवली असतील तर बहुतेक वेळा ते शंभर टक्के त्या दहांतच वाटतं. अकरावी गोष्ट समोर आली तरी ‘माहीत नाही’ म्हणायची सोय मुद्दाम केलेली नसेल, तर वाटणी त्या दहांतच होते. चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता होते, कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे डाग असतात आणि तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो. लोहाची कमतरता त्या दहांत नसेल तर ॲप तिला मोठ्या टक्क्यानं मोझॅक म्हणू शकतं. उपाय दोन टोकांचे : एकाला फेरस सल्फेटची फवारणी, दुसऱ्यात रोगट झाड उपटून नष्ट करायचं आणि पांढरी माशी आवरायची. चूक किती महाग पडेल बघा.

म्हणून ‘कॉन्फिडन्स’ला ‘खात्री’ऐवजी ‘कल’ लिहा : ‘कल मोझॅककडे, ९२ टक्के’. आणि पूर्ण उत्तराला आपल्याकडं सगळ्यांना पाठ असलेला शब्द आहे, ‘नजर अंदाज’. पैसेवारी, म्हणजे गावाच्या पिकाचा सरकारी अंदाज, आधी नजर अंदाज निघते, मग सुधारित, मग पीक कापणी प्रयोगावरून अंतिम. पन्नास पैशांच्या आत की बाहेर हे नजर अंदाजावर कोणी कायमचं मानत नाही. ॲप जे देतं तो नजर अंदाज. शिरा हिरव्या आहेत का हे बघणं म्हणजे कापणी प्रयोग.

धाराशिव :
नजर अंदाज घेतलाच सर. फोटो कसा काढावा तेही दोन ओळींत द्याल का?

परभणी :
सकाळी, स्वतःच्या सावलीत पान धरून. भर उन्हात पिवळा रंग पांढरा उडतो. एक फोटो पानाच्या वरच्या बाजूचा, एक खालच्या, एक पूर्ण झाडाचा. फोटोत एकच पान ठेवा, मागं माती किंवा तळहात. झूम करू नका, फोन जवळ न्या. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पुन्हा ॲपला देऊ नका, तो दाबून लहान झालेला असतो, बारीक डाग पुसले जातात.

कपाशीत तर पानापेक्षा मोजणीचं काम एआयला बरं जमतं. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, अडकलेल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांचा फोटो घेऊन ते मोजणारं ‘कॉटनएस’ हे ॲप याच कामाचं. हेक्टरी पाच सापळे, सलग तीन दिवस प्रत्येकी आठ ते दहा पतंग दिसले की उपाय करायचा, हा आकडा माणसानं ठरवलेला आहे. मशीन फक्त मोजतं. इथं ‘मोजतं’ हे क्रियापद मात्र खरं आहे.

लातूर :
एआय नसलेली गोष्ट खरी असल्यासारखी सांगतं, त्या ‘हॅल्युसिनेशन’ला ‘भ्रम’ लिहितात, मला पटत नाही. भ्रम मनाला होतो. ‘थाप’ही नको, थापेला फसवायचा हेतू लागतो. मराठीत ‘ठोकून देणे’ आहे. माहीत असो-नसो, अडखळायचं नाही, बोलून मोकळं व्हायचं. अगदी तेच घडतं.

घडतं कसं : कीबोर्डवर ‘दिवाळीच्या हार्दिक’ लिहिलं की ‘शुभेच्छा’ सुचतो. चॅटजीपीटीसारखं भाषेचं मॉडेल हेच फार मोठ्या प्रमाणावर करतं, आधीच्या मजकुरावरून पुढचा तुकडा निवडत जातं. शोभणारा तुकडा आणि खरा तुकडा यांत फरक करणारं वेगळं खातं त्यात नसतं. म्हणून शासन निर्णयाचा क्रमांक विचारला की ते क्रमांकासारखा दिसणारा क्रमांक देतं.

तो पकडायची एक युक्ती. शासन निर्णयाचा सांकेतांक अठरा अंकी असतो आणि पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस असे असतात. सांकेतांक २०१९१३… असा सुरू झाला तर तेरावा महिना कुठला? पंधराच अंक आले तरी गडबड. अंक बरोबर बसले म्हणून निर्णय खरा ठरत नाही. शासनाच्या संकेतस्थळावर सांकेतांक टाकून कागद उघडायलाच हवा. अर्जात खोटा निर्णय जोडला तर टेबलावरचा कारकून पूर्ण अर्ज बाजूला ठेवतो.

अर्ज लिहून घ्यायचा असेल तर ‘प्रॉम्प्ट’ला, म्हणजे एआयला लिहून दिलेल्या सूचनेला, सरळ ‘सांगणं’ म्हणा आणि सांगण्यात पाच गोष्टी द्या : अर्ज कोणाला, कोणाकडून, काय घडलं आणि कोणत्या तारखेला, काय हवं, किती ओळींत. शेवटी लिहा : ‘मी न दिलेली तारीख, कलम किंवा क्रमांक घालू नको, जागा रिकामी ठेव.’ त्यानंही कधी घालतंच, पण कमी. आधार क्रमांक, खातं, ओटीपी यातलं काही तिथं टाकायचं नाही. ते हातानं कागदावर भरा.

बीड :
लातूरकर, ‘ठोकून देणे’ला जोडून ‘ठोकताळा’ पण घ्या की. अनुभवावरून बांधलेला अंदाज म्हणजे ठोकताळा, आधार नसलेला म्हणजे ठोकून दिलेला. एकाच धातूत बरोबर आणि चूक दोन्ही.

बोलून टाइप करण्यावर एक सूचना लिहा. आपलं ‘काय करायलास?’ बऱ्याचदा ‘काय करायला’ असं उमटतं आणि लातूर-नांदेडकडचं ‘जाऊलालो’ तर भलतंच काही होतं. आवाज नीट पोचला तरी मॉडेल नेहमीच्या छापील शब्दाकडं ओढतं, कारण सरावात तेच जास्त. अर्ज बोलून लिहिताना प्रमाण मराठीत, एकेक वाक्य, मध्ये थांबून बोलायचं. गटाचा नंबर आकड्यांनी, सुटा सुटा.

आणि एआयला एका वेळी किती मजकूर देता येतो ती मर्यादा मराठीत लवकर का संपते हे लोक विचारतात. ‘कृत्रिम’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात. संगणकात ती सात चिन्हं : क, ऋकाराची खूण, त, हलन्त, र, वेलांटी, म. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे एकवीस बाइट. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं. मॉडेल मजकुराचे तुकडे करतं त्याला ‘टोकन’ म्हणतात. जुन्या मॉडेलांत मराठी शब्दाचा पार भुगा व्हायचा. नव्यांत बरंच सुधारलंय. ‘टोकन’ला ‘तुकडा’ चालेल, उगीच संस्कृत शोधू नका.

हिंगोली :
लिंगाचं काय? बुद्धिमत्ता ‘ती’, लोक म्हणतात ‘एआय सांगतंय’, आणि चॅटजीपीटी मात्र ‘म्हणतोय’.

अंबाजोगाई :
नपुंसकलिंगच ठेवा. ‘यंत्र’ ते, म्हणून एआय ते. ‘म्हणतोय’ आलं की पाठोपाठ ‘त्याला माहीत असेल’ येतं.

धाराशिव :
पहिली ओळ अशी करतोय : ‘ॲप पानाचा फोटो पाहून रोगाचा नजर अंदाज देतं.’ चालेल का?

परभणी :
‘पाहून’ काढा. ‘फोटोवरून’ लिहा.