'अ‍ॅग. लॅब.' म्हणजे नुसता शेतमजूर का?

लेकीसाठी तिच्या बाबांच्या घरचा इतिहास मराठीत लिहायला घेतलाय. नवरा इंग्रज. त्याच्या आईकडची माणसं दक्षिण बेडफर्डशायरमधली, लूटन शहरापासून काही मैलांवरच्या एका खेड्यातली. सहा पिढ्यांत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. लेक नागपूरच्या आजीशी मराठीत बोलते, आणि हे तिनं आजीला वाचून दाखवावं अशी माझी फार इच्छा आहे. कागद मिळाले, अक्षर लागलं, तारखा जुळल्या. अडलंय ते शब्दांपाशी, म्हणून इथे विचारते.

इंग्लंडात शिरगणती १८०१ पासून, १९४१ सोडलं तर, दर दहा वर्षांनी होते, पण साध्या माणसाचं नाव तिच्यात नीट सापडायला लागतं ते १८४१ पासून. त्या वर्षी ६ जूनच्या रात्री कोण कुठल्या छपराखाली झोपलं होतं ते लिहून घेतलं. लिहिणाऱ्यांना काही शब्द आखडून लिहायची मुभा होती, त्यातला एक 'अ‍ॅग. लॅब.', म्हणजे अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर. आमच्या खेड्याचं पान उघडलं तर तो वरपासून खालपर्यंत उतरत गेलाय, एखाद्या गावात एकच आडनाव असावं तसा. आमच्या घराच्या ओळीतही तोच. वय ३५ लिहिलंय, तेही खरं धरता येत नाही, कारण १५ वर्षांपुढच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत आणून लिहायचं असा त्या वर्षी नियम होता. माणूस ३९ चा असला तरी ३५. बायकोच्या नावापुढे धंद्याची जागा कोरी.

'शेतमजूर' हा शब्द चूक नाही. पण तो वाचून आजीला काय दिसेल? वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी, की सकाळी बोलावलं तर जाणारा माणूस?

पुढचे शब्दही सांगून ठेवते. १८५१ मध्ये त्या माणसाच्या बायकोपुढे 'स्ट्रॉ प्लेटर' लिहिलंय, आणि सात वर्षांच्या मुलीपुढेही तेच. त्याच घरात एक नऊ वर्षांचा मुलगा आहे, त्याचं नातं 'सन-इन-लॉ'. म्हणजे जावई! नऊ वर्षांचा जावई कसा असेल? शिवाय एक 'लॉजर'. आणि १८८१ मध्ये तीच बाई, विधवा, पुढे शब्द 'पॉपर'.

सांगलीहून:
ताई, आमच्याकडे वर्षाच्या बोलीवरचा तो सालगडी आणि दिवसाच्या हिशेबावरचा तो रोजंदार. दोघं एकाच बांधावर काम करत असले तरी दोघांचं जगणं एक नाही. सालगड्याला पाडव्याला बोली करून घेतात, जेवण, कपडालत्ता, धान्य ठरतं. रोजंदाराला पाऊस पडला की चूल थंड. तेव्हा आधी हे बघा की तो माणूस रात्री कुठे झोपला होता. शेतकऱ्याच्या वाड्यात की स्वतःच्या खोपटात? त्यावर शब्द ठरेल.

जाता जाता, 'जर्नीमन' असा शब्द तुम्हाला त्या कागदांत भेटेल. त्याचा प्रवासाशी काही संबंध नाही, 'फिरता कारागीर' असं भाषांतर मी छापलेलं पाहिलंय आणि ते चूक आहे. फ्रेंचमध्ये दिवसाला जो शब्द आहे त्यावरून तो आलाय. दिवसाच्या मजुरीवर काम करणारा, शिकून तयार झालेला पण स्वतःचं दुकान नसलेला कारागीर. आपला 'रोजंदार' फारसीतल्या रोजावरून आला. दोन्हीकडे दिवसच.

मूळ लेखिका:
काका, तुम्ही विचारलेल्या प्रश्नानं एकदम गाठ सुटली. आमचा माणूस स्वतःच्या भाड्याच्या घरात, बायकोपोरांसह. आणि त्याचा सोळा वर्षांचा पोरगा मला दहा वर्षांनी तिसऱ्याच पानावर सापडला, एका शेतकऱ्याच्या घरात, 'फार्म सर्व्हंट' म्हणून. बाप रोजंदार, पोरगा सालगडी.

तिथली बोली मायकेलमासला होई, म्हणजे २९ सप्टेंबरला, सुगी आटोपल्यावर. जत्रेसारखा बाजार भरायचा, तिथे गडी उभे राहायचे, आणि सौदा ठरला की मालक हातावर एक नाणं ठेवायचा. याला माझ्या मनात लगेच 'इसार' आला. उचल नव्हे. उचल फेडावी लागते, इसारानं शब्द बांधला जातो. बरोबर आहे का?

पण एक गोष्ट आपल्याकडे नाही आणि तिला शब्दच सापडत नाही. १६६२ च्या कायद्यानं प्रत्येक गरिबाचं एक गाव ठरलं होतं. अडचणीत आला तर मदत त्याच गावच्या पॅरिशनं, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे चालणाऱ्या गावकारभारानं द्यायची, दुसऱ्या गावात हात पसरला तर पकडून मूळ गावी पोचवायचे. या हक्काला 'सेटलमेंट' म्हणत. लग्न न झालेल्या गड्यानं पूर्ण एक वर्ष चाकरी केली तर त्या गावात हा हक्क लागू व्हायचा. मग शेतकऱ्यांनी ५१ आठवड्यांचीच बोली करायला सुरुवात केली. एक आठवडा कमी, म्हणजे हक्क नाही आणि म्हातारपणी त्याचा भार गावावर नाही. १८३४ च्या कायद्यानं चाकरीतून हा हक्क मिळणंच बंद केलं. ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

'सेटलमेंट'ला वसाहत म्हटलं तर सगळाच अर्थ बुडतो.

पुण्याहून:
जुन्या कागदांत मिरासी आणि उपरी असा भेद आहे. मिरासदार गावचा, उपरी बाहेरचा. तिथून 'मिरास' घेता येईल का?

मूळ लेखिका:
मीही तिथवर गेले होते, पण मन घेत नाही. मिरास ही जमिनीची, वंशपरंपरेची, मानाची. यांच्याकडे फक्त उपाशी मरू नये एवढा हक्क होता. मिरास म्हटलं की वाचणाऱ्याला वाडा दिसेल.

सांगलीहून:
इसार बरोबर. आणि त्या हक्काला 'गावठाव' म्हणा. शब्द मी आत्ता जुळवलाय, पण कुणालाही समजेल. "त्याला गावठाव नाही" हे आमची आजी सहज म्हणाली असती.

नाशिकहून:
बायकोच्या कोऱ्या रकान्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. १८४१ च्या सूचनांतच होतं की नवऱ्याबरोबर राहणाऱ्या, त्याच्या कामाला हातभार लावणाऱ्या पण वेगळी मजुरी न घेणाऱ्या बायकांचा धंदा लिहायची गरज नाही. त्या कोऱ्या जागेला 'गृहिणी' लिहू नका. ती कापणीला गेलीच असणार, गवत काढायला, शेतातले दगड वेचायलाही. आणि मालकाचं पीक उचललं की मुलांना घेऊन रानात पडलेली कणसं वेचायला. इंग्रजीत त्याला 'ग्लीनिंग' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी नेमका, जिवंत शब्द आहे: सरवा. सरवा वेचणे. माझ्या आत्यानं वेचलाय. भाषांतर करणारे लोक 'उरलेले धान्य गोळा करणे' लिहितात तेव्हा वाईट वाटतं.

मूळ लेखिका:
सरवा! ताई, हा शब्द माझ्या आईला येतो, मला आठवला नव्हता. आजच फोनवर तिला विचारलं, लगेच म्हणाली, "हो ना, आम्ही निंदणाला जायचो आणि मग सरव्याला." निंदण म्हणजे शेतातलं तण काढणं, सांगलीकडे भांगलण म्हणतात ते.

आता 'स्ट्रॉ प्लेटर'. बेडफर्डशायर, हर्टफर्डशायर, बकिंगहॅमशायर या भागात गव्हाच्या काडाच्या लांबच लांब वेण्या करून विकायच्या आणि लूटन-डन्स्टेबलच्या कारखान्यांत त्या शिवून टोप्या व्हायच्या. वीस यार्डांचं एक माप धरून वेणी विकली जाई. तीन-चार वर्षांच्या पोरांना शिकायला बसवत. चांगल्या काळात बाईचे वेणीचे पैसे नवऱ्याच्या मजुरीच्या तोडीचे होत. १८७० नंतर चीनमधून आणि मग जपानमधून स्वस्त वेण्या यायला लागल्या आणि दर कोसळले.

माझ्या सासूबाईंकडे त्या घरातून आलेलं एक हत्यार आहे, करंगळीएवढं. हाडाची मूठ, टोकाला लोखंडी खिळा, आणि त्या खिळ्याभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखी बारीक पाती. काडाच्या पोकळ नळीत खिळा घालून पुढे ढकललं की काड उभं चिरत जाऊन सारख्या रुंदीच्या पट्ट्या होतात. मी गव्हाचं काड आणून करून पाहिलं. पहिली चार फाटली, पाचवं सरळ चिरलं. पट्टी वाकवायला ओली लागते म्हणून बायका-पोरं ती तोंडात धरत, त्यानं ओठांचे कोपरे चिरायचे. माझाही ओठ दहाव्या मिनिटाला चुरचुरला.

तर याला क्रियापद कोणतं? विणणे, वळणे, गुंफणे?

नाशिकहून:
विणण्यात आडवं-उभं येतं, ते चटईचं. वळतात दोर किंवा वात, तिथे पीळ पडतो. गुंफतात फुलं. वेणी *घालतात*, पण ती केसांची. काडाची असेल तर मी 'वेणी करणे' किंवा 'पेडणे' म्हणेन. तिथे किती पट्ट्यांची वेणी यावरून प्रकार ठरत असतील ना? मग आपल्याकडे 'पेड' आहेच. तिपेडी, सातपेडी.

मूळ लेखिका:
हो, सात काडांची वेणी तिथे अगदी रोजची होती. सातपेडी! सासूबाईंना सांगितलं की मराठीत याला स्वतःचा शब्द आहे, तर त्यांनी तो तीनदा म्हणवून घेतला माझ्याकडून.

पुण्याहून:
'सन-इन-लॉ'चं मी सांगतो. त्या काळी 'इन-लॉ' हे सावत्र नात्यालाही लावत. लग्न न झालेला नऊ वर्षांचा 'सन-इन-लॉ' म्हणजे बहुतेक बायकोच्या आधीच्या लग्नाचा किंवा लग्नाआधीचा मुलगा. आडनाव वेगळं आहे का पाहा, आणि त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद काढा.

मूळ लेखिका:
आडनाव वेगळं आहे, तिचं माहेरचं. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात बापाची जागा रिकामी आणि शेरा 'बेस बॉर्न', म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेला. इथे मला सगळ्यांत जास्त विचार करावा लागला. मराठीत यासाठी बोलीत जे शब्द आहेत ते सगळे शिव्या आहेत, त्यांना जातीचाही काटा आहे, आणि ते मी माझ्या लेकीच्या पणजोबांच्या पणजोबाला लावणार नाही. 'अनौरस' हा कोर्टाचा शब्द. शेवटी मी एवढंच लिहिलंय: "आईच्या नावावर वाढलेला." बापाच्या जागी रजिस्टरात जशी रिकामी जागा आहे, तशीच मीही ठेवली.

सांगलीहून:
योग्य केलंत. लॉजरचं अजून राहिलं. कागदांत 'लॉजर' आणि 'बोर्डर' असे दोन आहेत, सरमिसळ होते खरी, पण मूळ फरक चुलीचा आहे. बोर्डर घरच्या चुलीवर जेवतो, लॉजर फक्त अंग टाकायला येतो. 'पोटभाडेकरू' लॉजरला चालेल. बोर्डरला 'चुलीवरचा पाहुणा' म्हणू नका, पैसे देतो तो. 'जेवूनखाऊन राहणारा' म्हणा.

मूळ लेखिका:
आणि 'पॉपर'? भिकारी नाही, नुसती गरीब नाही. पॅरिशकडून किंवा युनियनकडून (गरिबांच्या मदतीसाठी अनेक पॅरिश मिळून केलेला संघ) तिला आठवड्याला काही मिळत होतं.

नाशिकहून:
आमच्या गावात म्हणतात, "तिला निराधार चालू झालं." संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळायला लागले की बाईला असंच म्हणतात. तेव्हा 'निराधार'.

मूळ लेखिका:
घेतला. आईला तो लगेच कळेल, शेजारच्या काकूंना मिळतंच.

'वर्कहाउस', म्हणजे निराधारांना ठेवून घेऊन काम करायला लावायची जागा, हा शब्द मात्र मी तसाच ठेवतेय. अनाथालय म्हणावं तर तिथे नवरा-बायकोला वेगळ्या वॉर्डात टाकत, मुलांना तिसरीकडे. धर्मशाळा तर नाहीच नाही.

पुण्याहून:
एक सुचवतो. सगळ्याला नाव 'कुलवृत्तांत' द्या. आपल्याकडे रुळलेला प्रकार आहे.

मूळ लेखिका:
दादा, राग मानू नका, हे नको. कुलवृत्तांत ज्यांचे छापले गेले त्यांच्याकडे सनदा होत्या, वतनं होती, निदान मूळपुरुषाचं नाव होतं. या घराचा सगळ्यांत जुना कागद म्हणजे लग्नाच्या रजिस्टरातली एक फुली. १७५४ पासून वधूवरांनी सही करायची, येत नसेल तर खूण करायची. नवऱ्याच्या फुलीची पहिली रेघ जाड आहे, दुसरी अर्ध्यात शाईनं फाटलीय. बायकोची फुली लहान, अगदी नीट. आपल्या जुन्या कागदांत शेतकऱ्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' येतं, ते आठवलं. मी नाव 'एका घराचे कागद' ठेवलंय.

सगळ्यांच्या मदतीनं १८५१ ची नोंद अशी उतरली. काही खटकलं तर सांगा.

"घरचा कर्ता, वय ४८, शेतावर रोजंदार. बायको, वय ४१, काडाची वेणी करणारी. मुलगा, वय ९, बायकोचा, आईच्या नावावर वाढलेला, शेतावर पाखरं हाकणारा. मुलगी, वय ७, काडाची वेणी करणारी. मुलगा, वय ४, पुढची जागा कोरी. पोटभाडेकरू, वय ६०, विधुर, शेतावर रोजंदार, जन्म कुठला ते माहीत नाही."

सांगलीहून:
पाखरं *राखणारा* करा. पिकावर बसणारा पोरगा राखणीला असतो.

मूळ लेखिका:
केलं.