घाटासाठी कोणती: पोर्शे ९११ टर्बो एस की जुनी मारुती जिप्सी?

लीफस्प्रिंग:
९११च्या ‘९९२’ या पिढीची पहिली टर्बो एस ६५० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) देते, शून्य ते शंभर २.७ सेकंदांत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मर्यादाच १०० ची. तीन सेकंदांत खेळ खलास, पुढचा रस्ता ती पेंगत काढते. जिप्सी किंगचं १.३ लिटरचं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंधन फवारणारं) इंजिन ८० अश्वशक्तीचं. ताम्हिणी घाटात गिअर वेळेवर पाडला नाही तर चढाला मरगळते. चाळीसच्या वेगातही दोन्ही हात-पाय कामात. गाडी चालवणं म्हणतात ते हे.

बॉक्सरसिक्स:
कष्टाला मजा म्हणू नका राव. जिप्सीचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १०३ न्यूटन-मीटर, तोही ४५०० आरपीएमला! चढावर ट्रक ओलांडताना समोरून येणाऱ्यांच्या बाजूला किती वेळ राहता ते मोजा. टर्बो एसकडे ८०० न्यूटन-मीटर आहेत. ट्रक मागे टाकून ती लगेच आपल्या बाजूला येते. जिप्सीला मागे ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, पाटे (लीफ स्प्रिंग) कडक आणि रिकामी गाडी हलकी. ओल्या, खड्ड्यांच्या वळणावर ब्रेक दाबा, मागचा अ‍ॅक्सल उडून बाजूला सरकतो.

लीफस्प्रिंग:
पाट्यांचं मान्य. पण डांबर संपल्यावर? पुढच्या चाकांचे हब लॉक करा म्हणजे ती चाकं इंजिनला जोडली जातात, गाडी थांबवून फोर-लो (चारही चाकांना जोर देणारी हळू रेंज) टाका, पहिला गिअर. गिअरचं एकूण गुणोत्तर तीसच्या वर जातं, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन तीसहून जास्त वेळा फिरतं, अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही गाडी रांगत राहते. टॉर्कचं रडगाणं तिथे संपतं.

टायरपाना:
नवे लोक नेमके इथेच चुकतात. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल जिप्सीत नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, ताण ट्रान्स्फर केसमध्ये (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरपेटीत) साठतो आणि फोर-व्हीलचा लिव्हर अडकतो. ओढाताण न करता गाडी सरळ थोडी मागे घ्या, सुटतो.
जिप्सीचं स्टिअरिंग साठच्या आसपास थरथरलं तर डॅम्पर (थरथर शोषणारा भाग) बदलून रोग झाकू नका. आधी चाकांचं बॅलन्सिंग, मग किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खिळी) बेअरिंगचा ढिलेपणा, मग शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश. नकलचं (पुढच्या चाकाच्या वळणाऱ्या सांध्याचं) सील गेलेलं असताना पाण्यात घातली की ग्रीसचा चिखल होतो आणि बेअरिंग जातं.
आता पोर्शे. चाकाला एकच सेंटर-लॉक नट, आवळायचा ६०० न्यूटन-मीटरला: साठ किलोचा माणूस एक मीटर दांड्याच्या टोकाला लटकला तर साधारण तेवढा जोर. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे तो सॉकेट कुठला? स्टेपनी नाही, सीलंटची बाटली आहे. साइडवॉल (टायरची बाजू) फाटली की थेट फ्लॅटबेड (गाडी वाहून नेणारा ट्रक). जिप्सीची स्टेपनी मागच्या दाराला, पाच नट, काम संपलं.

बॉक्सरसिक्स:
स्टेपनीवर हरलो, बाकी नाही. आणि ‘व्हिंटेज जिप्सी’ म्हणणाऱ्यांनी जरा आवरावं. केंद्राच्या नियमात त्यासाठी पन्नास वर्षं लागतात, पहिली जिप्सी १९८५ ची. तोवर पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणी, मग दर पाच वर्षांनी आरटीओ, आणि खाली गंजलेली चासी.

लीफस्प्रिंग:
म्हणून तर घेताना रंग बघायचा नसतो. आडवं होऊन मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ (पाटे चासीला जिथे अडकवलेले असतात तिथे) हातोडीने ठोका. टणक वाजलं तर बोलणी करा, भद्द वाजलं तर फुकटातही घेऊ नका.