इंद्रियांच्या मर्यादा कळूनही आसक्ती का सुटत नाही?

जिज्ञासू
अद्वैत वेदान्ताचे वाचन करताना एक प्रश्न मनात सारखा घोळत आहे. आपल्या डोळ्यांना साधारण 380 ते 750 नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो आणि कानांना 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. म्हणजे ज्याला आपण जग म्हणतो, तो अफाट वास्तवाचा एक अरुंद पट्टा आहे. हे बुद्धीला पटते. तरीही जवळच्या माणसाच्या आजारपणाची बातमी आली की काळजाचा ठोका चुकतो आणि वाचलेला सारा वेदान्त कुठल्या कुठे जातो. मग माझे ज्ञान कच्चे समजावे, की आसक्तीचे मूळच दुसरीकडे आहे?

पांथस्थ
मूळ दुसरीकडे आहे, असे माझे मत आहे. इंद्रियांची मर्यादा आणि अद्वैत यांची सांगड हल्ली फार सहज घातली जाते. ती मला मान्य नाही. विल्यम हर्शेल यांनी 1800 साली वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला आणि तापमान वाढलेले आढळले. अवरक्त किरणांचा शोध असा लागला. त्याने ज्ञात जगाची हद्द वाढली, पण जे नव्याने सापडले तेही ‘जाणले गेलेले’च होते. अद्वैताचा प्रश्न जाणणाऱ्याविषयी आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी पत्नी मैत्रेयीला विचारतात, ‘विज्ञातारमरे केन विजानीयात्’, म्हणजे जाणणाऱ्याला कशाने जाणावे? मधमाशीप्रमाणे उद्या आपल्याला अतिनील प्रकाश दिसू लागला, तरी हा पेच सुटणार नाही आणि ‘माझे’पणही सुटणार नाही.

अन्वयार्थी
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण इंद्रियांचे उदाहरण इतक्यात सोडू नये. कोऱ्या कागदावर सात-आठ सेंटिमीटर अंतराने दोन ठिपके काढा, डावा डोळा मिटा, उजव्याने डाव्या ठिपक्याकडे पाहत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण एका वितीच्या आसपास उजवा ठिपका नाहीसा होतो, कारण दृष्टिपटलावर जिथून चेतातंतू बाहेर पडतात तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. मात्र तिथे भोक दिसत नाही, कोरा कागदच दिसतो. कारण माहीत असले तरी पुढच्या वेळी ठिपका पुन्हा तसाच नाहीसा होतो.

वेदान्ताने हा भेद ओळखलेला आहे. दोरीवरचा साप दोरी ओळखताच नाहीसा होतो, तो निरुपाधिक भ्रम. मृगजळ मात्र ओळखल्यावरही दिसत राहते, तो सोपाधिक. ज्ञान झाल्यावर दुसऱ्या प्रकारात दिसणे थांबत नाही, त्यामागे धावणे थांबते. म्हणून काळजाचा ठोका चुकला एवढ्यावरून ज्ञान कच्चे ठरवू नका. त्यानंतर मन कुठे वळते ते पाहा: आजारी माणसाला काय हवे याकडे, की ‘याच्यावाचून माझे कसे होईल’ याकडे. मला दुसरे वळण ही आसक्ती वाटते, पहिले नाही.

जिज्ञासू
हा भेद मला ठाऊक नव्हता, मनापासून आभार. पण त्याच मैत्रेयी-संवादात पती पतीसाठी नव्हे तर आत्म्यासाठी प्रिय होतो, असेही म्हटले आहे. ते वाचताना मनाला कोरडेपणा जाणवतो.

पांथस्थ
शंकराचार्य भाष्यात सांगतात की पती, पत्नी, पुत्र यांच्याविषयी वैराग्य उत्पन्न व्हावे म्हणूनच हा उपदेश आहे, त्यामुळे ते वाक्य मवाळ करून घेण्यात अर्थ नाही. मात्र प्रसंग लक्षात घ्या. याज्ञवल्क्य गृहस्थाश्रम सोडून निघाले आहेत, कात्यायनी आणि मैत्रेयी या दोन पत्नींमध्ये संपत्तीची वाटणी करू पाहत आहेत, आणि मैत्रेयी विचारते की धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन का. ‘नाही’ असे उत्तर मिळाल्यावर ती धनाऐवजी ज्ञान मागते, तेव्हा ते प्रथम म्हणतात, तू आम्हाला प्रिय होतीसच आणि आताही प्रियच बोलत आहेस. ये, बस, मी तुला समजावून सांगतो. वैराग्याचा उपदेश त्यानंतर सुरू होतो.