वारसा छपराखालच्या हवेतही होता
कापडगिरणीचा वारसा म्हणजे चिमणी, बाकी नुसत्या शेड, हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. गिरणीचं खरं डोकं त्या शेडमध्येच असतं. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, आणि नागपूरचा मे महिना तर ठाऊकच आहे! म्हणून तिथे 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीत जमशेटजी टाटांनी हवेत ओलावा ठेवणारी यंत्रं बसवली, आगीसाठी छताला पाण्याचे फवारेही. तेव्हा देशात हे फार नवीन होतं.

आमचे आजोबा विणकाम खात्यात होते. भर उन्हाळ्यात पाळी सुटली की सदरा दमट आणि भुवयांवर कापसाची पांढरी लव. गिरणीची वारसा म्हणून नोंदणी करताना भिंतींसोबत हे नळ, झरोके, यंत्रांच्या जागाही नकाशावर यायलाच हव्यात.