बचत गटाची चकली खपते, पण उरत काही नाही

प्रश्न: गटात १२ जणी आहोत. जुन्या गटातल्या ताईंकडून नेमकं काय शिकून घ्यावं?

– आधी किंमत काढायला शिका. तेलाचा हिशोब हमखास चुकतो: तळण्याआधी आणि नंतर कढईतलं तेल मोजा, फरक त्या घाण्याला लावा. गॅस, पिशवी, लेबल, तुटकी चकली आणि स्वतःची मजुरीसुद्धा धरा. मजुरी सगळ्याच जणी विसरतात!

– ताईंना एकदाच बोलावून भागत नाही. दर आठवड्याच्या बैठकीत वही त्यांच्यासमोर उघडा. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज (गटाच्या पैशातून सभासदांना दिलेलं), परतफेड, नोंदी ही बचत गटाची पंचसूत्री, म्हणजे पाच नियम; त्यात आधी नोंदीच ढिल्या पडतात.

– मोठी ऑर्डर शेजारच्या गटाशी वाटून घ्या. पण भाजणी एकाच गिरणीत दळा, सोऱ्याची चकतीही सारखीच हवी. नाहीतर माल परत येतो.