ऑफिस सुरू झाल्यावर दूध अचानक निम्म्यावर आलंय, काय काय तपासू?

रानजाई
मुलगी पाच महिन्यांची, आतापर्यंत फक्त अंगावरचं दूध. प्रसूती रजा संपली. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा मी घराबाहेर असते. ऑफिसात दोनदा इलेक्ट्रिक पंपाने दूध काढते. सुरुवातीला एका वेळी दोन्ही बाजूंचं मिळून 120 मिली निघायचं, आता 50-60 वर आलंय. छाती भरल्यासारखी वाटतच नाही. घरी सासूबाई बाटलीने पाजतात. ठेवलेलं 300 मिली दुपारी तीनलाच संपतं. रात्री मुलगी दोनदा उठायची, आता एकदाच उठते. अळीव, डिंकाचे लाडू, शतावरी सगळं चालू आहे. घरचे पावडरचं दूध सुरू करू म्हणताहेत. त्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने? पंपात दोष असू शकतो का?

तिळगंगा
रानजाईताई, मुलीला पुरतंय की नाही हे पंपाच्या बाटलीवरून ठरवू नका, तिच्या लंगोटांवरून आणि वजनावरून ठरवा. 24 तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा फिकट रंगाची भरपूर शू, जागेपणी तरतरी आणि या वयात महिन्याला साधारण 400 ते 500 ग्रॅम वजनवाढ असेल, तर बाळ उपाशी नाही. वजन दर वेळी त्याच काट्यावर, कपडे काढून करा. अंगणवाडीचा काटा आणि दवाखान्याचा काटा यांत फरक पडतो आणि लोक उगाच घाबरतात. याउलट शू कमी किंवा गडद झाली, टाळू खोल गेली, बाळ मलूल दिसलं किंवा वजन घटलं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

छाती मऊ लागणं ही काही दूध आटल्याची खूण नाही. पहिल्या दीड ते तीन महिन्यांत दूध गरजेपेक्षा जास्त साचतं, म्हणून छाती दगडासारखी होते. पुढे शरीर बाळाच्या मागणीशी जुळवून घेतं आणि ते ताठरपण जातं.

पण 120 चं 60 झालंय, तेव्हा कारण शोधायलाच हवं. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस दूध संप्रेरकांच्या जोरावर येतं. त्यानंतर जितकं बाहेर पडेल तितकंच नवं बनतं. दूध आत साचलं की बनण्याचा वेग मंदावतो, स्तन रिकामा होत गेला की वाढतो. रजेवर असताना मुलगी 24 तासांत किती वेळा प्यायची, ते लिहून काढा. आता अंगावर पाजणं आणि पंप मिळून किती वेळा होतं, तेही शेजारी लिहा. बहुतेकींच्या बाबतीत इथेच दोन-तीन वेळांची तूट सापडते. तुमचं रात्रीचंही एक पाजणं गेलंय आणि रात्री प्रोलॅक्टिन (दूध बनवणारं संप्रेरक) जास्त असतं, त्यामुळे ती तूट जास्त जाणवते.

म्हणून ऑफिसात दोनऐवजी तीनदा काढा. साधारण अकरा, दीड आणि चार-सव्वाचार. वेळ मिळत नसेल तर प्रत्येक वेळी दहाच मिनिटं काढा, पण वेळा तीन ठेवा. अर्धा तास एकदाच बसण्यापेक्षा ते बरं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तो लेखी मागा. घरातून निघण्याच्या अगदी आधी पाजा, आल्याबरोबर पाजा, आणि रात्री झोपायला जाताना मुलगी अर्धवट झोपेत असली तरी उचलून एकदा पाजा. सुट्टीच्या दिवशी बाटली नकोच, दिवसभर मागेल तेव्हा अंगावर.

याशिवाय रोज एकदा, शक्यतो रात्री नऊच्या सुमारास किंवा पहाटे, असा एक तास काढा: 20 मिनिटं पंप, 10 थांबा, 10 पंप, 10 थांबा, 10 पंप. बाळ वाढीच्या दिवसांत घडीघडीला लुचतं, त्याचीच ही नक्कल. शेवटच्या दहा मिनिटांत थेंबही आला नाही तरी चालेल, इथे मागणी नोंदवणं हाच हेतू आहे. हे तीन ते सात दिवस करा. फरक सहसा तीन-चार दिवसांनी दिसतो, दुसऱ्या दिवशी बाटली बघून निराश होऊ नका. आणि महिनाभर रेटत नेऊ नका, स्तनाग्रं सोलवटतात.

झडप_आणि_नळी
पंपाबद्दल. अचानक निम्मं झालं असेल तर सर्वांत आधी व्हॉल्व्ह बघा, म्हणजे ती बदकाच्या चोचीसारखी दिसणारी सिलिकॉनची झडप. पंपाने ओढताना ती मिटलेली राहायला हवी आणि ओढ सुटली की उघडून दूध खाली सोडायला हवी. रोज तीनदा वापर असेल तर महिना-दोन महिन्यांत ती सैल पडते. मोटरचा आवाज नेहमीसारखाच येतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. झडप उजेडात धरा. चीर पूर्ण मिटत नसेल, कडेला फाटली असेल किंवा मधे फट दिसत असेल तर बदला. धुताना चिरेतून ब्रश घालू नका, बहुतेक झडपा त्यानेच फाटतात. साबणाच्या पाण्यात खळबळून नळाखाली धरली की पुरे.

दुसरं, दूध मागे नळीत जाऊ नये म्हणून बसवलेला पातळ पडदा. तो वाकडा बसला किंवा त्याखाली पाणी राहिलं तरी ओढ कमी होते. तिसरं, बॅटरी. चार्जिंगचे बरेच पंप बॅटरी उतरताना चालू राहतात पण ओढ सोडतात. एकदा प्लगला लावून काढून बघा.

चौथं, फनेलचं, म्हणजे स्तनावर बसवायच्या नरसाळ्याचं माप. पेटीत बहुधा 24 मिमीचं येतं आणि ते बऱ्याच जणींना मोठं होतं. पंप किंवा पाजणं नुकतंच झालेलं नसताना स्तनाग्राच्या बुडाशी आडवं माप घ्या, भोवतालचा काळा भाग मोजू नका. जितके मिमी येतील त्यात शून्य ते तीन मिळवा. 16 आलं तर 17 किंवा 19 लावून बघा. काळा भाग फनेलच्या नळीत ओढला जात असेल तर फनेल मोठं आहे. स्तनाग्र कडेला घासून पांढरं पडत असेल तर लहान आहे. दोन्ही बाजूंची मापं वेगळी असू शकतात.

सेटिंग कमाल ठेवल्याने दूध जास्त येत नाही. दुखलं की पान्हा अडतो. सुरुवातीला दोन मिनिटं जलद आणि हलकी ओढ, पान्हा फुटला की संथ आणि सोसेल तितकी जोराची. धार थांबली की पुन्हा जलदवर जा, बऱ्याचदा दुसरा पान्हा येतो. पंप चालू असताना हाताने स्तन सगळीकडून दाबत राहा आणि शेवटी दोन-तीन मिनिटं हातानेच पिळून काढा. या एका सवयीने बाटलीत दिसण्याइतका फरक पडतो.

मात्रा
सगळे पंपावर बोलताहेत, पण औषधांची यादी कुणी विचारलीच नाही. गेल्या दोन महिन्यांत नवीन काय सुरू झालं?

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दूध कमी करू शकतात. माला-एन आणि माला-डी दोन्ही त्यातल्याच. अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने त्या टाळाव्यात. पर्याय आहेत: छाया (तिच्यात हार्मोन नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा), तांबी, आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन. दुसरं साधन ठरेपर्यंत निरोध वापरा, मधे खंड पडू देऊ नका.

सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट वाचा. स्यूडोएफेड्रीन हा घटक नाक मोकळं करतो आणि दूधही घटवतो. 60 मिग्रॅच्या एकाच मात्रेनंतर 24 तासांतलं दूध सुमारे 24 टक्क्यांनी घटल्याचं नोंदलं गेलं आहे. मिठाच्या पाण्याचे थेंब आणि वाफ यांवर भागवा.

पाळी परत सुरू झाली असेल तर पाळीआधीचा आठवडा-दहा दिवस दूध कमी वाटतं आणि पाळी आल्यावर एक-दोन दिवसांत पूर्ववत होतं. पाळी आली नसेल आणि शंका असेल तर गरोदरपणाची चाचणी करा, त्यानेही दूध उतरतं. थकवा, केस गळणं, धडधड, थंडी सहन न होणं असं काही असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं दुर्मीळ नाही.

दूध वाढवायला डॉम्पेरिडोन दुकानातून परस्पर आणू नका. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, विशेषतः फ्लुकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन (एक अँटिबायोटिक) चालू असेल तर. आणि फ्लुकोनॅझोल तर स्तनाग्रावरच्या बुरशीसाठीच देतात, म्हणून हे खास सांगतोय. दूध काढण्याच्या वेळा वाढवल्याशिवाय ते औषध फारसं काही करत नाही.

रानजाई
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. झडप उजेडात धरली, चीर मिटत नाही, फट स्पष्ट दिसते. आणि माला-डी गेल्या महिन्यात सुरू झाली आहे. मग यातलं नेमकं कारण कोणतं? सासूबाईंना बाटलीबद्दल काय सांगू?

तिळगंगा
दोन्ही असू शकतात, आणि वेगळं करता येतं. नवी झडप बसवायच्या आधी एकदा जुन्या झडपेवरच नेहमीइतका वेळ पंप करा आणि लगेच हाताने काढून बघा. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून तीन सेंटिमीटर मागे ठेवा, छातीच्या दिशेने आत दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे. त्वचेवरून घसरवू नका. हाताने सहज 30-40 मिली निघालं तर दूध आत होतं, पंप काढत नव्हता. नव्या झडपेने एक-दोन दिवसांत आकडा वर जाईल. पण झडप खूप दिवस खराब असेल तर रोज थोडं दूध आत राहत गेलं आणि निर्मितीही उतरली, त्यामुळे वरचा तासाभराचा क्रम तरीही करा.

हातानेही थेंबच आले तर गोळीचा संशय वाढतो. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच भेटून साधन बदला. गोळी थांबल्यावर दूध हळूहळू परततं, पण आपोआप नाही, काढणं चालू ठेवलं तरच.

बोंडलं
सासूबाईंबद्दल मी सांगते. या वयात आई बाहेर असताना बाळाला तासाला साधारण 30 ते 40 मिली लागतं. नऊ तासांना 300 ते 350. तुम्ही ठेवता ते जवळपास पुरेसं आहे. ते तीनला संपतंय म्हणजे एका वेळी जास्त जातंय. बाळ आडवं आणि बाटली उलटी धरली की दूध आपोआप घशात उतरतं, बाळाला गिळावंच लागतं, आणि बघणाऱ्याला वाटतं ते अजून भुकेलं आहे.

बाळाला बसतं धरायचं, बाटली जवळजवळ आडवी, निपल सर्वांत मंद धारेचं. वीस-तीस घोटांनी बाटली खाली करून श्वास घेऊ द्यायचा. 80-90 मिली संपायला दहा-पंधरा मिनिटं लागायला हवीत. हे जमत नसेल तर वाटी-चमचा किंवा बोंडलं उत्तम, त्यात घाई होतच नाही. दूध 80-90 मिलीच्या लहान बाटल्यांत भरून ठेवा, एक 30 मिलीची वेगळी. साडेपाचला रडली तर ती छोटीच द्यायची, म्हणजे तुम्ही घरी पोचेपर्यंत तिला भूक राहील आणि ती जोराने ओढेल.

काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत चार तास बाहेर टिकतं. नाशिक-पुण्याच्या एप्रिल-मेत तितका भरवसा धरू नका, लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस, दाराच्या कप्प्यात नको. ऑफिसहून आणताना गोठवलेल्या बर्फपिशव्यांसह बंद बॅगेत 24 तास चालतं.

अळीव-डिंक खा, त्यात लोह आणि ऊर्जा आहे. शतावरी कल्पात साखर बरीच असते, मधुमेह असेल तर बघून घ्या. मेथी फार झाली तर बाळाला पातळ शी होऊ शकते. खरी गरज रोजच्या जेवणापेक्षा सुमारे 600 कॅलरी जास्तीची आहे: दोन चपात्या, वाटीभर वरण, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध. ऑफिसच्या डब्यात हेच आधी कमी होतं. पाणी तहानेपुरतं प्या.

पावडर लागलीच तर ती डॉक्टरांना विचारून, आणि डब्यावर लिहिलेल्या मापानेच कालवायची. पाणी वाढवून पातळ करू नका आणि वर्षाच्या आत गाईचं दूध पाजू नका. आधी तुमचं दूध द्यायचं, पावडरचं वेगळ्या वाटीत नंतर, म्हणजे उरलं तरी तुमचं वाया जात नाही. आणि घरी जितक्या वेळा पावडर दिली जाईल तितक्या वेळा ऑफिसात एक पंप जास्त करा.